सामायिक भिंत

मंडळी, आधीच सांगून टाकतो. ओतूरला माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे आणि तिथे बसून मी दिवसभर थापा मारतो. बिबट्याने माझ्या हातचा चहा पिऊन कप विसळून परत दिला, ही गोष्ट पार पिंपरी पेंढारपर्यंत माझ्या नावावर खपते. भूत, करणी, बाहेरचं — यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. लोकांना घाबरवायला ते सगळं मीच तयार करायचो. त्यामुळे ही एक खरी गोष्ट माझ्या तोंडून कुणी ऐकून घेत नाही... म्हणून इथे लिहितोय.

घर घेतलं ते सोनाआत्यासाठी. डोंगरात, आहुप्याकडे दिलेली, तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही. माझी आई गेली तेव्हा ती डोंगर उतरून आली आणि मला वाढवलं. म्हातारपणी तिच्या हाडांत अशी थंडी शिरली की मे महिन्यातही गोधडी सोडेना. छाती भरायची. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात उबेत ठेवा, नाहीतर अवघड आहे. आणि आमचं ओतूरचं पत्र्याचं घर म्हणजे थंडीत फ्रीज, उन्हाळ्यात तवा.

जुन्नरला एका शांत गल्लीत सहा जुनी रो-हाउसं आहेत. एकाला एक चिकटलेली, दोन घरांत एकच सामायिक भिंत. एजंट म्हणाला, "भाऊ, हातभर जाड दगडी भिंती हायेत. वर सोलर, खिडक्यांना डबल काच. हिटर नको, कूलर नको. लाइट बिल द्यायला येणाऱ्याला लाज वाटती." म्हटलं, हा तर आपलाच भाऊबंद दिसतो. घर घेतलं.

पण घर खरंच उबदार निघालं. त्या थंडीत द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवत होते, शिवनेरीचे दगड कुडकुडताना मी स्वतः ऐकले... आमच्या पुढच्या खोलीत मात्र स्वेटर लागत नव्हता. आत्या सामायिक भिंतीला पाठ टेकून दिवसभर बसायची. तिचा खोकला थांबला.

एका दुपारी म्हणाली, "शेजारनीची चूल लई चांगली हाय रं. पाठ कशी शेकून निघती."

"आत्या, शेजारी कुणी नाही. कुलूप आहे."

"मग ही भित काय तुझ्या थापांनी तापली व्हय?"

मी हात लावला. सगळी भिंत गार, आणि तेवढाच एक पट्टा उबदार — बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा. माणूस उठून गेल्यावर अंथरूण असतं ना, तसा. सोलरचा पाइप त्या भिंतीत नव्हता, मी प्लंबर आणून खात्री केली.

शेजारच्या घराची किल्ली एजंटकडे होती. त्याला बोलावलं. आत्या हट्टाने बरोबर आली, हातात एक गोवरी. दूधवाल्याकडून मागवलेली.

"ही कशाला?"

"विस्तव मागाया कुनाच्या दारात रिकाम्या हातानं जात न्हाईत. आमच्या डोंगरात गोवरी घिऊन जायची रीत हाय."

आत धूळ, कोळिष्टकं, बाकी काही नाही. त्या बाजूने तीच भिंत मी चाचपली. विहिरीतल्या दगडासारखी गार.

"इथं कोण राहायचं?" मी एजंटला विचारलं.

"एक बाई व्हती. एकटीच." तो खाली बघत म्हणाला. "थंडीत गेली."

आत्याने गोवरी भिंतीशी ठेवली, भिंतीवरून हात फिरवला. "बाई, लई उपकार झालं," म्हणाली. एजंट तिथून जो सुटला तो थेट नारायणगावात थांबला असेल.

आत्याने तो हिवाळा काढला. पुढच्या हिवाळ्यात, माघात, भिंतीला टेकल्या जागीच गेली. तिला उचलल्यावर मी भिंतीला हात लावला. गार. तेव्हापासून खोलीही गार पडली, कितीही खिडक्या लावा. माझी बायको मंगल शाल घेऊन भाकरी थापायची. मला तर घरात थापही सुचेना. शेवटी घर विकायची जाहिरात दिली.

गेल्या महिन्यात शेजारच्या त्या बंद घरात आंबेगावच्या डोंगराकडचं एक कुटुंब राहायला आलं. नवरा-बायको आणि म्हातारी सासू. एका सकाळी सून दारात उभी. हातात कागदात गुंडाळलेली गोवरी.

"सासूबाईंनी पाठवलं. म्हनल्या, रिकाम्या हातानं जाऊ नको. तुमच्या चुलीची ऊब आमच्या भिंतीला येती ना. त्या तिथनं हलतच न्हाईत."

मंगलने माझ्याकडे पाहिलं. आमचं स्वयंपाकघर पार दुसऱ्या टोकाला. आणि चूल या घरात कधी पेटलीच नाही, गॅस आहे.

"केवढी जागा तापते?" मी विचारलं.

तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. पाठीएवढी.

आत जाऊन आमच्या बाजूने भिंतीला तळहात लावला. बर्फ. गोवरी तिथेच खाली ठेवली. ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं, तर म्हणाला, दगड उष्णता साठवतो. म्हटलं, साहेब, कुणाची? तो चहा अर्धा टाकून गेला. दुकानात सांगायला गेलो तर म्हणतात, "राव, ती बिबट्याची सांगा. ती तरी पटती."

मला स्वतःला याचा अर्थ आजही लागलेला नाही. जाहिरात काढून टाकली. मी आणि मंगल स्वेटर घालून बसतो. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्या म्हातारीचा आवाज येतो, कुणाशी तरी सुखदुःख बोलल्यासारखा... आणि आम्ही टीव्हीचा आवाज कमी करतो.