दोरीचं दुसरं टोक

भूतबीत मी कधी मानलं नाही. अंधाराचं भय डोळसांना. माझा तर लहानपणापासून त्यातच संसार... टायफॉइडमध्ये नजर गेली, पण डोळे वरून धड दिसतात. तेच पुढे नडलं, म्हणून आधी सांगतो. (मी सांगतोय, सून लिहून घेतेय.)

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. मी वेताच्या खुर्च्या विणायचो आणि पळायचो. शेजारचा दत्ताराम गिरणीत विणकर. त्यानं सुताची दोरी वळली – एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं त्याच्या मुठीत. निघताना म्हणायचा, "भिया नको, दोरी माझ्या हातात आसा." मग वाटेत चकार शब्द नाही. करी रोडच्या पुलाचा चढ लागला की दोरी हाताला गुंडाळून मला अगदी अंगाजवळ ओढून घ्यायचा. डोळसांच्या शर्यतींत आमचा नंबर लागायला लागला होता. मॅरेथॉन जिंकायची आणि आंधळ्यालाही खेळाडू म्हणायला लावायचं, एवढंच आमचं वेड.

मग दत्ताराम मोर्च्याला गेला, आणि गोळीबारात गेला.

मॅरेथॉनला त्याच्या जागी चाळीतला बाळा आला. नायगाव ते गिरगाव आणि परत; अंतर कमी, पण आमच्याकडे तिलाच मॅरेथॉन म्हणत. गिरगावात वळताना दोरीला हिसका बसला, ती क्षणभर सैल पडली, पुन्हा ताणली गेली. बाळा अडखळून सावरला असेल, म्हणून मी पळत राहिलो. परतीला करी रोडचा चढ आला... आणि दोरी आखूड झाली. माझं कोपर कुणाच्या तरी बरगडीला लागत होतं. बाळाला हे कुणी शिकवलं? विचारलं, तर उत्तर नाही.

मी पहिला आलो. टाळ्या मात्र पडल्या नाहीत, नुसती कुजबुज. पंचांनी विचारलं, "तुझा माणूस कुठाय?"

बाळा गिरगावातच होता. ट्रामच्या रुळात पाय मुरगळून पडलेला. तिथून पुढे वाटेतल्या साऱ्या पंचांनी मला एकट्याला पळताना, बरोबर वळणं घेताना पाहिलं होतं. न दिसणारा माणूस असा पळेल कसा? आंधळ्याचं सोंग, असं ठरलं. मला बाद केलं, वर कायमची बंदी घातली.

मी दोरीचं मोकळं टोक चाचपलं. रस्त्यावर घासत आलं असतं तर धुळीनं माखलं असतं. ते घामानं ओलं होतं. पंचांपुढे धरलं, तर ते हसले.

त्यानंतर शर्यत नाही. चाळीतही 'याला दिसतं' म्हणणारे निघाले, खुर्च्यांची कामं तुटली. कैक पहाटे मी मनगटाला दोरी बांधून त्या पुलावर उभा राहिलो. दोरी नुसती लोंबत राहिली.

कुणी सवय म्हणतं, कुणी भास. मला आजवर उलगडा झालेला नाही... दत्तारामचा राग मात्र येतो. शेवटच्या रेषेपर्यंत आणून सोडलं त्यानं. पण हा खरंच आंधळा आहे, एवढं सांगायला थांबला नाही.