सुलूची चारपेडी वेणी

आधीच सांगतो, मी मिस्त्री माणूस. नांदूरघाटात माझं इंजिन-मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. इंजिन खोललं की बिघाड सापडतोच, एवढंच मला माहीत. भूत, करणी, अंगात येणं... असल्या गप्पा मारणाऱ्यांना मी दुकानातून हाकलून लावलंय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण झालं ते झालं.

बायकोला, सुलूला, लकवा मारला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवं अंग गेलं अन् वाचाही गेली. पोरगी बीडला, तिच्या संसारात. मग मीच दुकानाचं शटर ओढलं. लोक म्हणाले, "बाईमाणसाचं काम हाय, तुमाला जमायचं न्हाई." म्हटलं, बघतोच कसं जमत नाही! अंघोळ, भरवणं, दर दोन तासाला कूस बदलणं, हातापायाचा व्यायाम... सगळं शिकलो. भेटायला येणारे बिस्किटाचे पुडे आणायचे, सल्ले द्यायचे, चहा पिऊन जायचे. "तुमी घंटाभर पडा, मी बसतो" असं एक जण म्हणाला असेल तर शप्पथ! अर्थात, मीही कुणाला या म्हणालो नाही. मिजास, दुसरं काय.

एकच काम जमलं नाही — केस. सुलूचे केस कमरेपर्यंत. मी नुसते गुंडाळून ठेवायचो. उशीवर घासून घासून मागं गुंता झाला, अन् एक दिवस हाताला जाड जट लागली. मेहुणीनं बघितलं अन् हातच जोडले. "दाजी, देवीची जट हाय. कात्री लावू नका, लई वंगाळ व्हईल."

"देवीची कसली? माझ्या हयगयीची हाय!" मी खेकसलो. तिकडं पोरगी फोनवर म्हणाली, "आप्पा, उद्या येते. सगळे कापूनच टाकू." फोन स्पीकरवर होता. सुलूनं डाव्या हातानं जट घट्ट धरली अन् रडायला लागली. अर्ध्या चेहऱ्याचं रडणं बघवत नाही हो...

मी ठरवलं, कापायचे नाहीत. दुपारी एकला आतून कडी लावली, तेलाची वाटी अन् फणी घेतली, तिला कुशीवर केलं अन् बसलो. दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाच-दहा केस सुटले असतील. बाजेच्या कडेला डोकं टेकलं, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा तीन वाजले होते. सुलूच्या खांद्यावर चारपेडी वेणी! जट गायब. फणीत एक केस अडकलेला नाही. वाटी रिकामी. कडी तशीच, आतून. शेजारच्या शमीम आपावर संशय घ्यावा तर ती सकाळीच केजला लग्नाला गेलती.

"कुणी घातली गं?" मी विचारलं. सुलू हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. डावा हात उचलून तिनं बोट दाखवलं... माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी पोरीची कात्री पर्समध्येच राहिली. मेहुणी नारळ घेऊन आली — "देवीनंच सोडवली!" मी म्हटलं, "नारळ ठेव, अन् दर मंगळवारी येऊन बस. मला झोपायचंय." न लाजता म्हटलं. येते बिचारी. शमीम आपालाही तेच सांगितलं, तर तिनं झापलंच, "मिस्त्रीभाऊ, भिंतीला भिंत हाय. हाक मारायला काय झालतं?" आता रोज तीच विंचरते अन् मला शिकवते. जट परत होऊ दिली नाही, देणारही नाही.

तीनपेडी जमते आता मला. चारपेडी मात्र सुतळीवर कितीदा करून बघितली, गाठीच होतात. बिघाड काही सापडत नाही. अधूनमधून सुलूला परत विचारतो. ती परत माझ्याकडंच बोट करते.

"मला येत न्हाई गं," मी म्हणतो. ती मान डोलावते, पण बोट काही खाली घेत नाही.