कावळ्याचा पिक्चर आणि फरजानाआपा

फरजानाआपाने उभ्या आयुष्यात एकही पिक्चर पूर्ण पाहिलेला नव्हता. तरीही यंदा उन्हाळ्यात गेवराईत एका पिक्चरवरून दोन पार्ट्या पडल्या आणि दोन्ही पार्ट्यांनी मिळून गुन्हेगार ठरवलं ते तिलाच. घरातले झोपलेत म्हणून लिहायला बसले आहे. दिवसा बसले असते तर आमचे हे म्हणाले असते, "तू कशाला त्यात पडतेस?" मी पडलेलीच आहे.

आपा मूळची नेकनूरची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिचा नवरा नबीभाई कॅसेटमध्ये गाणी भरून द्यायचा. कॅसेट गेल्या, सीड्या आल्या. सीड्या गेल्या, मोबाईलची मेमरी कार्डं आली. नबीभाईंची नजर अधू झाली आणि दुकानात आपा बसायला लागली. दुकान म्हणजे मतीनच्या टायरच्या गॅरेजला चिकटलेली टपरी. एक जुना कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि गिऱ्हाइकांची कार्डं ठेवायला सुपारीचा डबा.

आता घरोघरी इंटरनेट असताना कार्ड कोण भरून घेतं, असं कुणाला वाटेल. ऊसतोडीला जाणारे घेतात. दसरा झाला की आमच्या भागातल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. उसाच्या फडावर रेंज धड नसते, रिचार्ज संपला की फोन म्हणजे नुसतं खोकं. म्हणून निघण्याआधी कार्ड भरून न्यायची रीत आहे. नवऱ्याचं वेगळं, लेकरांचं वेगळं. आईबाप ऊस तोडतात तेव्हा पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मागे राहिलेली लेकरं त्या कार्डावर दिवस काढतात. दसरा ते दिवाळी एवढ्या दिवसांवर आपाचं वर्ष चालतं. तेवढे दिवस गेले तर दुकान गेलं.

आपाला उर्दू वाचता येतं, मराठी अडखळत. पिक्चरची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत असतात, म्हणून ती चित्रावरून वाटणी करायची. खरी माणसं दिसली की मोठ्यांचं, रंगवलेलं दिसलं की लेकरांचं. यात हसण्यासारखं काही नाही. मी बी.ए. झालेली बाई, आणि स्वयंपाकाच्या गडबडीत मीही माझ्या लेकीला, सायलीला, वर्षानुवर्षं हेच म्हणत आले, "कार्टून लाव आणि बस गप."

तर तो पिक्चर कावळ्यांचा. परदेशातला आहे म्हणे. उकिरड्यावर वसलेलं कावळ्यांचं शहर, त्यात दारू, सुरे, शिव्या आणि पांघरुणाखालच्या गोष्टी पांघरुणाबाहेर. तो काढलाच होता मोठ्या माणसांसाठी. पण कुणा पोरांनी त्याला आपल्या बोलीत आवाज भरले, कावळे एकमेकांना "काऊन रे?" म्हणायला लागले, आणि इकडची तरणी पोरं त्याच्यापायी वेडी झाली. मतीनच्या गॅरेजात पाना मागायचा तर त्यातल्या डायलॉगमध्ये. कुणाच्या तरी कार्डातून तो आपाच्या कॉम्प्युटरमध्ये उतरला. टोपी घातलेला कावळा बघून आपाने तो लेकरांत टाकला.

टोळ्या परत आल्या आणि मुकादम सुग्रीव दुकानासमोर येऊन उभा राहिला. टोळी जमवणारा, ट्रॅक्टर ठरवणारा, आवाज मोठा. गाणी भरायला दिलेला सायलीचा फोन घ्यायला मी तिथेच आले होते.

"आपा, लेकरायला काय भरून दिलतं तुमी? बघितलं का कधी?"

"मी न्हाई बघत, दादा. काय झालं?"

"काय झालं? चार वर्षाचं पोट्टं बापाला आईवरून शिवी देतंय. लेकरं बिघडली, बायांची डोकी फिरली. आमच्या धर्मात, संस्कृतीत बसतं का असलं?"

तेवढ्यात मतीन हात पुसत आला. "सुग्रीवदादा, पिक्चर एक नंबर हाय. तुमाला कळला न्हाई. गरिबाची गोष्ट हाय ती."

"असं? मग नेऊन दाखव की तुझ्या बहिणीला."

मतीन परत टायरकडे वळला. एक नंबरचा पिक्चर तिथेच संपला.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, "दादा, तुम्ही पाहिलात का तो?"

"पायल्याबिगर कसं कळंल, ताई?"

"पूर्ण?"

"तपासायला पूर्णच पाहावा लागतो."

"पाडव्याला ट्रॅक्टरवर लावलता, तवाबी तपासतच व्हता का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले. सुग्रीवही हसला. आपा तेवढी हसली नाही.

मग त्रिंबकच्या हॉटेलात बैठका सुरू झाल्या. एका टेबलावर कॉलेजची पोरं आणि आमच्या कॉलनीतले एक-दोन वाचणारे लोक. त्यांचं म्हणणं, ही मोठी कलाकृती आहे, समाजाचा आरसा आहे, ज्यांना झेपत नाही त्यांनी बघू नये. दुसऱ्या टेबलावर सुग्रीव आणि मंडळी. त्यांचं म्हणणं, घाण आहे, बंद करा. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तेच. ज्यांना घाण वाटली त्यांनाही शेवट तोंडपाठ होता. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची, की या दोन टेबलांमध्ये बसून कुणी एकदाही विचारलं नाही, ज्या लेकरांनी तो पाहिला त्यांच्याशी आता बोलायचं काय? माझी सायली आठवीत आहे. विचारलं तर म्हणाली, "पाहिलाय. सगळ्यांनीच पाहिलाय, मम्मी." आणि खोलीत निघून गेली. त्यातलं काय तिच्या डोक्यात राहिलं, कशाने दचकली, कशाला हसली, मला अजून ठाऊक नाही. आणि हे लोक आरसा की उकिरडा यावर चहा ढोसत होते.

शेवटी निरोप आला. आपाने माफी मागायची आणि यापुढे लेकरांचं काहीच भरायचं नाही. नाहीतर सुग्रीवच्याच काय, कुठल्याच टोळीचं कार्ड तिच्याकडे येणार नाही. दोन्ही टेबलांना हे मान्य होतं. कलाकृतीवाल्यांनाही! त्यांचा पिक्चर वाचला, बाई गेली तर गेली.

आपा हॉटेलसमोर गेली, डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि म्हणाली, "चूक माझी हाय. माफ करा. पण लेकरांचं बंद न्हाई करणार. नवऱ्याचं कार्ड कुठंबी भरतं. बाया माझ्याकडं येतात त्या लेकरांसाठी."

"मग बसा माश्या मारत," सुग्रीव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. "सायलीची मम्मी, माझ्यासोबत बसा. मला तो पिक्चर पूर्ण बघायचा हाय."

"कशाला आता?"

"ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, तो बघू तर द्या."

टपरीचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघी बसलो. नको त्या जागी आपा दुपट्टा तोंडावर घ्यायची आणि आतून हसायची. "या अल्ला, कावळ्याला बी लाज न्हाई!" मी हसू शकत नव्हते. सायलीच्या डोळ्यांनी बघत होते.

मग एक प्रसंग आला. त्यातली कावळी कचरा वेचायला जाताना पिल्लं घरट्यातून पडू नयेत म्हणून त्यांचे पाय दोऱ्याने काटकीला बांधते. दोनदा बांधते, दोनदा परत येऊन सोडते. तिसऱ्यांदा ती येत नाही. वरून नुसतं घरटं दिसतं, आणि ओढले जाणारे दोरे. आवाज काहीच नाही. आपाने दुपट्टा तोंडावरून खाली घेतला आणि पिक्चर संपेपर्यंत परत घेतला नाही.

बाहेर आल्यावर आम्ही भांडलो. मी म्हटलं, "ज्याला आईचं दुःख एवढं काढता येतं, त्याने त्याच आईच्या अंगावर इतके हलकट विनोद करावेत? मला तर जास्तच राग आला." आपा म्हणाली, "विनोद हलकट हायेत. पण पिक्चर चांगला हाय." मी नाही म्हटलं, ती हो म्हणाली. तिने माझं ऐकलं नाही, मी तिचं. एकाच गोष्टीवर एकमत झालं, तो लेकरांचा नाही.

मग तिने कॉम्प्युटरमधली लेकरांची सगळी कार्टूनं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला घेतली. पावसाळाभर ती हेच करत होती. उंदीर, मांजरं, परी, भीम. शंका आली की मला हाक. सायलीची लाल नेलपॉलिशची बाटली मागून नेली आणि मोठ्यांच्या प्रत्येक कार्डावर ठिपका द्यायचं ठरवलं.

दसरा आला. टपरीवर कुणी आलं नाही. टोळ्यांची कार्डं बसस्टँडजवळच्या नव्या दुकानात जात होती. मतीन आता आपाकडे न बघता टायर काढायचा. तो पिक्चरच्या बाजूने होता, आपाच्या नव्हता. आपा सुपारीचा डबा पुसून पुन्हा जागेवर ठेवायची.

आणि एक दिवस चकलांब्याची कडूबाई आली. सुग्रीवच्याच टोळीतली. कडेवर शिवकन्या, तिची धाकटी. मी समोरच होते.

"आपा, लेकराचं कार्ड भर."

"सुग्रीवदादा बोलले न्हाईत का तुला?"

"बोलला. त्याला काय झालंय, माहीत हाय का तुला?" तिने शिवकन्येला टेबलावर बसवलं. "ह्या पोरीनं तुझा कावळ्याचा पिक्चर बघितला. मी फडावर जाताना हिचा पाय लुगड्याच्या काठानं कोपीच्या खांबाला बांधते, ट्रॅक्टरखाली जाईल म्हणून. सगळ्याच बांधतेत. एक दिवस बांधाया गेले तर ही म्हणती, आई, तू मेली तर मला सोडणार कोण?"

आपाने पोरीच्या पायाकडे पाहिलं.

"मला त्या दिवशी कोयताच धरवला न्हाई. मी सगळ्या बायांना सांगितलं. मग आमी सुग्रीवला म्हणलो, साखराबाई म्हातारीला लेकरांपाशी ठेव, तिला तोडाया लावू नको. तर म्हणतो, तिचा कोयता मोडतो, आगाव घेतलेली उचल कोण फेडणार? तवापासून त्याला पिक्चर घाण दिसाया लागला. त्याच्या आदी कोपीत बसून हसतच व्हता की."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. साखराबाई आपल्या मुलाच्या जोडीला तोडते. ती लेकरांपाशी बसली की एक कोयता अर्धा झाला, मुकादमाची तोड कमी भरली. धर्म, संस्कृती, लेकरांवरचे संस्कार, सगळं सगळं त्या अर्ध्या कोयत्यापायी! उन्हाळ्यात तो "बायांची डोकी फिरली" म्हणाला, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. फिरली म्हणजे काय झालं, एवढं साधं विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आपा फक्त म्हणाली, "मग आता?"

"आता काय. साखराबाई लेकरांपाशी राहाया मोकळी चढल्याबिगर आमी ट्रॅक्टरवर बसत न्हाई. बघू किती बाया दुसऱ्या आणतो. तू भर."

आपाने शिवकन्येचं कार्ड भरलं, सगळं पाहिलेलं, सगळं तपासलेलं. कडूबाईने कमरेची पिशवी सोडून दुसरं कार्ड काढलं. "ह्याच्यात कावळ्याचा टाक."

"तुझ्या नवऱ्याला?"

"मला."

आपाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने पिक्चर टाकला, कार्डावर लाल ठिपका दिला आणि फुंकर मारून वाळवला. "लाल दिसलं की पोरीच्या हातात न्हाई. काय?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून बाया येऊ लागल्या. नवऱ्यांची कार्डं बसस्टँडलाच गेली, लेकरांची आपाकडे. दुकान दिवाळीपर्यंत निघालं, गेल्या वर्षीएवढं नाही, पण निघालं. सुग्रीवचा ट्रॅक्टर महामार्गाला लागला तेव्हा साखराबाई वर गाठोड्यावर बसलेली होती, मांडीत दोन लेकरं, हात रिकामे. सुग्रीवने टपरीकडे मान वळवली नाही. मी ग्रुपवर लिहिलं, "फडावर लेकरांचे पाय बांधून ठेवतात, यावर कुणाला काही बोलायचं आहे का?" एकाने जोडलेले हात पाठवले. त्याच्या खाली लगेच, पिक्चरचा दुसरा भाग येतोय म्हणे, खरं का?

आपाने निघताना कडूबाईला बजावलं होतं, साखराबाईच्या हातात कोयता दिसला की मला फोन लाव. आज संध्याकाळी फोन आला. आपाने तो मलाही ऐकवला. मागे लेकरांचा कालवा होता.

"पाय?" आपाने आधी तेच विचारलं.

"मोकळा हाय. पळतीया समदीकडं. समदं बघून झालं म्हणती, दुसरं कार्ड पाठवा."

आपा हसली, आणि कडूबाईने पुढे सांगितलं की पलीकडच्या टोळीत अजून बांधतातच. तिथल्या बाया तिच्याकडचं लाल ठिपक्याचं कार्ड मागायला आल्या होत्या. तिने दिलं.