उमेझू मास्तरांचा दम

उत्तर जपानातल्या हाकोदातेच्या बंदरालगतच्या एका कॅबरेत मी ड्रम वाजवायचो आणि उमेझू शुनपेई ट्रम्पेट. बँड त्यांचाच, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बोटीवरून उतरलेले खलाशी कितीही दंगा करत असले, तरी मास्तरांनी सूर लावला की निम्मे गप्प व्हायचे. उरलेले रडायचे.

तोकिको नावाची पोरगी तिथे गिऱ्हाइकांचे कोट सांभाळायची. एकदा आमची गायिका तापाने आडवी झाली आणि मास्तरांनी तोकिकोला पुढे ढकललं. गळा गोड, पण ओळ संपायच्या आत दम संपायचा. मग रोज दुपारी, मालक यायच्या आधी, मास्तर तिला श्वास साठवायला शिकवू लागले.

"गळ्याने गाऊ नकोस गं, पोटाने गा. गळा म्हणजे नुसता दरवाजा."

पुढे त्यांनीच तिला टोकियोला पाठवलं. बोटीवर चढताना ती हमसून हमसून रडत होती आणि धक्क्यावरून मास्तर ओरडत होते, "रडण्यात दम घालवू नकोस!"

मग कराओके आलं. खलाशांनाच गवई व्हायचं होतं, बँड कोणाला हवा? कॅबरे बंद पडला. मी नूडल्सचं दुकान टाकलं. मास्तर बायकोच्या माहेरच्या धंद्यात शिरले. सकाळी सोयाबीन दळायचं, त्याच्या दुधाचा पनीरसारखा तोफू लावायचा आणि दिवसभर सायकलवरून विकायचा. तोफूवाल्याचा तो दोन सुरांचा पितळी भोंगा फुंकत ते आमच्या गल्लीत आले की मी दारातून ओरडायचो, "मास्तर, आज सूर उतरलाय!"

"तुझ्या रश्श्याची चव उतरलीय, तिच्यासोबत गेला असेल!"

एका हिवाळ्यात बर्फावरून त्यांची सायकल घसरली आणि पुढचे दात गेले. कवळी बसवली. भोंगा वाजायचा, पण ट्रम्पेट नाही. ट्रम्पेटला ओठामागे घट्ट आधार लागतो, तो कवळी देत नाही. मास्तरांनी ट्रम्पेट कापडात गुंडाळून कपाटात टाकलं. त्यांची बायको फुसाए वहिनी, तिने कपाटाचं दार लावून घेतलं. "वेड सुटलं तर बरंच, असंच मला वाटलं होतं," हे तिनेच पुढे मला सांगितलं.

गायिका म्हणून तोकिकोचं नाव एव्हाना 'नागिसा' झालं होतं. भिंतींवर तिची पोस्टरं असायची. एका शरद ऋतूत तिचा तोफूच्या दुकानात फोन आला. नवा अल्बम चालला होता आणि त्यातल्या शेवटच्या गाण्यात तिला मास्तर हवे होते.

"माझे दात गेले, बाळ."

"दात मला कशाला? चावायचंय का कुणाला?"

मास्तरांनी महिनाभर ट्रम्पेट तोंडाला लावून पाहिलं. वरचे सूर लावायला गेलं की निघायची नुसती हवा. शेवटी ते म्हणाले, "फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही. जाऊन सांगतो." एकटे जायला धजेनात, म्हणून मला बरोबर घेतलं. फुसाए वहिनीने तोफू तळून डब्यात भरून दिला. "तिला हे द्या. वाजलं नाही तरी हे तरी पोचेल."

टोकियोच्या स्टुडिओत आम्ही काचेपलीकडे बसून तयार झालेली गाणी ऐकली. पहिलं दणदणीत डिस्को. ड्रमऐवजी यंत्र ठोका देत होतं, ते ऐकून मी खुर्चीतच म्हातारा झालो. मग ब्राझीलच्या ढंगाचं एक, समुद्रावरून उन्हात गाडी हाकावी तसं. एक रेगे, ज्यात ठेका लंगडतो आणि तरी पडत नाही. एकात व्हायोलिनांचा अख्खा ताफा. आणि सगळ्यांत तिचा तो लांबच लांब श्वास. मास्तर डोळे मिटून बोटांनी मांडीवर मोजत होते.

"पोटाने गाते," ते हळूच म्हणाले.

शेवटचं गाणं संथ होतं, आमच्या कॅबरेतल्या वळणाचं. संगीत संयोजक कासुगा नावाचा उमदा माणूस होता. त्याने ट्रम्पेटची ओळ उंच, लखलखीत लिहिली होती. मास्तर उठले, वाकले आणि म्हणाले, "माफ करा. हे माझ्याच्याने होणार नाही. तेवढं सांगायलाच आलोय."

तोकिको डब्यातला तोफू खात होती. तोंड पुसून म्हणाली, "मग तुमच्याच्याने जे होईल ते वाजवा. मी तिथे येते."

मास्तरांनी वाजवलं. खालचे चार-पाच सूरच लागत होते. तिने कासुगाला गाण्याची पट्टी उतरवायला लावली. तिचा आवाज खाली गेला आणि त्यात काहीतरी जाड, उबदार उतरलं. उंच ओळ कासुगाने स्वतःच खोडली. मात्र ध्वनिमुद्रण करणारा कुरकुरला, "ट्रम्पेटमधून वारा येतोय हो."

"येऊ दे," तोकिको म्हणाली. "हाकोदाते आहे. वारा येणारच."

मास्तरांनी पाठ फिरवली. मी जवळ जाऊन म्हटलं, "रडण्यात दम घालवू नका."

"गप रे, नूडल्सवाल्या."

संध्याकाळपर्यंत गाणं झालं. निघताना मास्तर तिच्यापुढे इतका वेळ वाकून उभे राहिले, की शेवटी तिने त्यांना खांदे धरून सरळ केलं. "मला श्वास कोणी दिला?" ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्यापुढे वाकताय?"

अल्बम निघाला. बाजारात डिस्कोचं गाणं गाजलं, तेच रेडिओवर लागायचं. शेवटचं गाणं फारसं कोणी ऐकलं नसेल. फुसाए वहिनीने मात्र रेकॉर्ड प्लेअर विकत आणला आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की ते लावायची. वेष्टनावर बारीक अक्षरात नवऱ्याचं नाव छापलेलं होतं, ते बोटाने दाखवायची. "हे आमचे. भोंगेवाले."

मास्तर मला म्हणाले, "लोकांना वाटतं, तिने उपकार फेडले. फेडले कसले? मी तिला गाण्यात नेलं, तिने मला परत नेलं. आता हे मी कुणाला देऊ?"

दिलं त्यांनी आम्हाला. पुढच्या वसंतात बँडमधले उरलेसुरले आम्ही सगळे त्यांच्या तोफूच्या दुकानामागे रविवारी दुपारी जमू लागलो. सगळं खालच्या पट्टीत, सगळं हळू. माझे हात आखडले होते, पण काठ्या धरल्या की ठेका आपोआप यायचा. गोर्योकाकूच्या जुन्या किल्ल्यातल्या चेरी फुलल्या की झाडांखाली वाजवायचो, लोक जेवणाचे डबे उघडून ऐकायचे.

मास्तर गेले तो दिवस सोमवार होता, म्हणजे आदल्या दिवशी आम्ही वाजवलं होतं. याबद्दल मी अजून देवाचे आभार मानतो.