नैरोबीचा मामा

नैरोबी ते मुंबई साडेचार हजार किलोमीटर, विमानाला सहा तास. मुंबई ते जळगाव सव्वाचारशे. त्याला आम्ही आठच तास धरले, कारण मोबाईल तसं म्हणाला. चार वर्षं मी ह्याच रस्त्याच्या दुरुस्तीसाठी पत्रकं वाटतोय, आणि बहिणीच्या लग्नाचा हिशोब मात्र मोबाईलवर केला! आम्हा खानदेशी लोकांची ही जुनी खोड: माणूस मुंबईत उतरला म्हणजे घरी आला.

मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ, मूळचा धुळ्याकडचा, आता नैरोबीत राहणारा. नवरीला बोहल्यावर मामानंच आणायचं. आई वर्षभर एकच म्हणत होती, "माझा भाऊ आणेल तिला." मी छातीठोक सांगितलं, "सकाळी आठला उतरेल. मुहूर्त संध्याकाळी सहा पस्तीसचा. निवांत येईल."

लग्नसराईत रेल्वेचं तिकीट वेटिंगवरच राहिलं. जळगावात धावपट्टी आहे, पण त्या दिवशी विमानाचा वार नव्हता. मामानं गाडी केली. घाटात ट्रक उलटलेला, तीन तास तिथंच गेले. मग वळणरस्ते, मग वळणरस्त्यांचेही वळणरस्ते. सहा वाजता फोन आला.

"भाचा, मी आते चाळीसगावले शे. बठ्ठा रस्ता खोदी टाकेल शे रे!" म्हणजे अजून शंभर किलोमीटर बाकी, आणि सगळा रस्ता खोदलेला.

इकडे जळगावात, मेहरूणच्या मंगल कार्यालयात वऱ्हाड बसलेलं. वडिलांचे चुलतभाऊ, आमचे नाना, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "काय रे पुढारी, विमानाचा मामा बैलगाडीनं येतोय का?" लोक हसले. त्यांच्यावर चिडू की रस्त्यावर?

भटजींनी माईकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मुलाकडचे घड्याळं दाखवायला लागले. नाना उठून म्हणाले, "मी उभा राहतो मामा म्हणून, चला."

"बसा भाऊजी," आई म्हणाली. तिनं पदर खोचला, माझ्या बहिणीचा हात धरला आणि तिला स्वतः बोहल्यावर आणलं. बायकांत कुजबुज झाली. अक्षता पडल्या.

मामा सव्वानऊला आला. मुलगी सासरी गेली होती, आचारी पातेली घासत होते. त्यानं विचारलं, "अक्का, मना जागावर कोण उभं राहिनं?"

"कोणी नाही. मीच आणली."

तो खुर्चीत बसला, बुटांवरची धूळ पुसत राहिला. मग मला म्हणाला, "परतीचं विमान रविवारी पहाटे. कधी निघू?"

त्या दिवशी गुरुवार. मी म्हणालो, "शुक्रवारी रात्री."

"म्हणजे एकच दिवस?" आई माझ्यावर ओरडली. एवढी ती बोहल्यापाशीही ओरडली नव्हती. "साडेचार हजार कोसांवरनं आलाय तो, आणि तू एकच दिवस देतोस?"

कोस नाही, किलोमीटर. पण मी तिला दुरुस्त केलं नाही. दिवस मी देत नव्हतो, रस्ता देत होता.