लिमयेकाकूंच्या रविवारचा फ्रीज

किथ माझ्याकडे धावत आला, तोवर लिमयेकाकूंनी डिस्प्लेवरच्या फ्रीजमध्ये दुसरं पातेलंही ठेवलं होतं. किथ आमचा फ्लोअर मॅनेजर. एरवी देवमाणूस, पण शनिवारी दुकानात गर्दी असली की त्याचं डोकं ठिकाणावर नसे. त्या बाई तुझ्या ओळखीच्या आहेत का, असं त्याने विचारलं. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. पण सुती साडी, वर टोपीचं अनोरॅक जाकीट, पायात ट्रेनर्स आणि हातात स्टीलची भांडी म्हटल्यावर ओळख असो वा नसो, गिऱ्हाईक माझंच होतं.

मी तेव्हा इंग्लंडमध्ये, रीडिंग गावातल्या एका रिटेल पार्कमध्ये इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात होते, फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या सेक्शनला. नवऱ्याच्या नोकरीपायी ठाण्याहून आलेली बी.कॉम. बाई मी, फ्रीज विकीन असं स्वप्नातही नव्हतं. पण खरं सांगते, मला ते काम भारी आवडायचं. फ्रीज घ्यायला आलेली माणसं घरातलं सगळं बोलून मोकळी होतात. टीव्ही घेताना असं कोणी बोलत नाही.

काकूही बोलल्या. नर्स म्हणून आयुष्य काढलं, आता रिटायर. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि त्यातच जुन्या फ्रीजने राम म्हटला. दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला मुलं येत. मुलं म्हणजे पुण्या-नागपूरकडून आलेले सॉफ्टवेअरवाले, एकेका घरात चौघं-पाचजण राहणारे आणि आठवडाभर टोस्ट-बीन्सवर जगणारे. त्यांच्यासाठी शुक्रवारपासून डोशाचं पीठ, दही, उसळीची कडधान्यं अशी तयारी चाले. म्हणून काकू भांडीच घेऊन आल्या होत्या. लिटर-बिटर मला कळत नाही, म्हणाल्या, माझं दुधाचं पातेलं झाकणासकट उभं राहिलं पाहिजे.

ही मागणी दिसते तितकी साधी नाही. इथले फ्रीज दुधाच्या बाटल्या दारात आणि चीज-हॅम कप्प्यात, अशा हिशेबाने केलेले. काचेच्या दोन फळ्यांमधली जागा एवढीशी. आपलं पातेलं आत जातं, पण झाकण वर अडतं. उपाय सोपा असतो, एक काच काढून टाकायची. पण हे सांगितल्याशिवाय कोणाला सुचत नाही, आणि माणसं डिस्प्लेसमोर हिरमुसून उभी राहतात.

काकूंच्या शेजारी त्यांचा मुलगा नितीन उभा होता. जन्म इथलाच, राहायला जवळच्याच बेसिंगस्टोकला, बायको आणि दोन मुलं. चाळिशीचा, शांत, चांगल्या कोटातला. त्याचं मन आधीच ठरलेलं होतं. आईला अंडरकाउंटर फ्रीज घ्यायचा. अंडरकाउंटर म्हणजे ओट्याखाली सरकवतात तो, कमरेइतका बुटका. एकट्या माणसाला पुरतो, असं तो म्हणत होता. काकूंना हवा होता उंच, वर फ्रीज आणि खाली फ्रीझर असलेला.

पण दोघं एकमेकांशी भांडतील तर शपथ. सगळं माझ्यामार्फत. काकू म्हणणार, ह्याला सांगा, उंचच बरा. नितीन म्हणणार, आईला सांगा ना, तो फ्रीज खूप मोठी आहे. दोघं हाताच्या अंतरावर, आणि मध्ये मी, लग्नातल्या अंतरपाटासारखी.

मग काकू वॉशिंग मशीनकडे वळल्या तशी नितीनने मला बाजूला घेतलं. उंच मॉडेल सगळी संपलीत असं सांगाल का, म्हणाला. पुढे हळूच म्हणाला, फ्रीज लहान असला की ते रविवारचं जेवण आपोआप बंद पडेल. ती थकते, पण तिला नाही म्हणता येत नाही.

आता माझी पंचाईत झाली. एकीकडे काकूंचा रविवार माझ्या हातात, दुसरीकडे मुलगाही काही वाईट सांगत नव्हता. आईच्या गुडघ्याची काळजी कोणाला नसते? पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. स्टॉक असताना नाही म्हणायचं नाही. आणि त्याचं गणित चुकतही होतं. बुटक्या फ्रीजमध्ये भाजी, दही, सगळं गुडघ्याच्या खाली. दिवसातून किती वेळा वाकायचं? उंच फ्रीजमध्ये रोजचं सगळं छातीच्या उंचीवर येतं. नव्या गुडघ्याला बुटका फ्रीज म्हणजे शिक्षाच. मी हे त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटलेलं काही दिसलं नाही.

मग मला राहवलं नाही. स्टाफच्या किचनमधून काकूंची पातेली पाण्याने भरून आणली. रिकामी भांडी कोणीही उचलेल. ती बुटक्या फ्रीजमध्ये ओळीने लावली, दह्याचं भांडं सगळ्यात मागे. आणि नितीनला म्हटलं, आईला आता दही हवंय, काढून द्या बघू.

तो आधी हसला. मग वाकला. मग कोट सावरत गुडघ्यावर बसला. दुधाचं पातेलं बाहेर काढलं, ते ठेवायला जागा दिसेना, तेव्हा जमिनीवर ठेवलं. मग मागचं दह्याचं भांडं ओढलं, तर त्याचं झाकण निसटलं आणि अर्धं पाणी त्याच्या पँटवर. आजूबाजूची चार इंग्रज माणसं केटल बघतोय असं दाखवत हेच बघत होती. काकूंनी तोंडाला पदर लावला. किथ कोपऱ्यातून मॉप घेऊन निघाला.

नितीन उठला नाही. तिथेच बसून, भिजल्या मांजरासारखा, आईकडे बघत राहिला. माझ्याकडे नाही, पहिल्यांदाच थेट आईकडे.

"आई, दर संडेला तू त्या सगळ्यांना जेवायला बोलावते. मला कधी कोणी बोलावला नाही. नॉट वन्स."

काकूंचा पदर तोंडावरून खाली आला. त्यांना खरंच काही कळेना.

"तुला काय बोलवायचं? तू घरचा. घरच्या माणसाला आमंत्रण देतात होय रे?"

त्याने सांगितलं ते असं. शाळेपासून तो शिकला होता की बोलावल्याशिवाय कोणाच्या जेवणाला जायचं नाही, आणि ते सभ्य माणसाचं लक्षण. मुलांना घेऊन तो शनिवारी यायचा, चहा घ्यायचा, आणि आईच्या ओट्यावर उद्याची तयारी बघून निघून जायचा. आईला दुसऱ्यांचीच मुलं पुरतात, असं त्याने मनाशी धरलं होतं. आणि काकू? काकू दर रविवारी ताट वाढताना दाराकडे बघायच्या. येत नाही म्हणजे कामात असेल, त्याला कशाला संकोचात टाका, म्हणून त्यांनी शब्दाने विचारलं नव्हतं. किती वर्षं चाललं होतं हे! मला तर दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि इतका आनंदही झाला की डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला सांगू.

काकू म्हणाल्या, "मग ऐक. उद्या जेवायला ये. सगळ्यांना घेऊन ये. झालं आमंत्रण?"

"झाला," नितीन म्हणाला आणि एकदाचा उठला.

किथला मराठीचा गंध नाही. पण मॉपवर हनुवटी टेकवून तो असा गहिवरून बघत होता की जणू त्याचाच मुलगा घरी आला. मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्याने ताबडतोब डिलिव्हरीवाल्यांना फोन लावून आमच्या व्हॅनमध्ये जागा करून घेतली. त्याच संध्याकाळी फ्रीज काकूंच्या घरी पोचला. अर्थात उंचच. नितीननेच तो निवडला, प्रत्येक मॉडेलमध्ये पातेलं घालून, झाकण लावून, आईपेक्षाही चोखंदळपणे. शेवटी मलाच म्हणावं लागलं की आता पुरे, पाणी ओतून टाका.

फ्रीज विकताना आम्हाला एक हिशेब शिकवलेला असतो. घरात किती माणसं, किती खरेदी, त्यावरून किती लिटरचा घ्यावा. मी तो काकूंसाठी अगदी मन लावून केला होता. रविवारची मुलंही त्यात धरली होती. विक्री झाली, पातेली बसली, मी खूश होते.

महिनाभराने काउंटरवर फोन आला. काकू. आवाज इतका खणखणीत की मी रिसीव्हर कानापासून दूर धरला. मागे लहान मुलांचा दंगा, ताटांचा आवाज, आणि कोणीतरी मोडक्या मराठीत वरण मागत होतं. आधी त्यांनी मला, माझ्या नवऱ्याला आणि किथलाही जेवायला बोलावलं. नीट, रीतसर, तारीख-वेळ सांगून. मग तक्रार केली.

"अगं, तू दिलेला फ्रीज फारच लहान पडतोय."

त्या दिवसापासून मी गिऱ्हाईकाला घरात किती माणसं असं विचारत नाही. दाराकडे बघत कोणाची वाट बघता, ते विचारते, आणि मग एक साइज मोठा दाखवते.