टाकीची कविता आणि रशियातले कवी

शिरूरच्या स्टँडवरून एसटी सुटली आन् न्हावऱ्याच्या पुढं माझ्या लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. पिशवीत रशियन कवितांचं मराठी पुस्तक, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यावर बोलायचं, आन् अक्षर तर दिसेना. पारगावच्या पुलाखाली भीमा उन्हात चमकत होती. म्हटलं, जेवढं पाठ आहे तेवढं सांगू.

चौफुल्याला भाची लता स्कूटर घेऊन उभी होती. तिचं गाव भांडगावच्या बाजूला, नाव मुद्दाम देत नाही. वाटेत गुऱ्हाळावर काकवी (गूळ होण्याआधीचा पातळ पाक) आन् गरम भाकरी खाल्ली. तिथंच लता म्हणाली, "मावशी, माझी मैत्रीण कमल रुसलीय. गावच्या कोरड्या टाकीवर कविता केली तिनं. सरपंच म्हणले, कार्यक्रमात राजकारण नको."

देवळापुढच्या मंडपात पहिल्या खुर्चीवर सरपंच. त्यांना सगळे आबा म्हणतात. कमल मागं, खांबाला टेकून.

मी सांगितलं, रशियात अशी राजवट होती, की नको ती कविता कागदावर सापडली तर कवीला तुरुंग. मग मैत्रिणी कविता पाठ करायच्या आन् कागद जाळून टाकायच्या. राज्यकर्ता गेला, कविता राहिली.

"एवढा मोठा माणूस, आन् चार ओळींना भ्याला?" एक म्हातारी म्हणाली.

"भ्याला की. फौज कशी हलवायची ते त्याला ठाऊक, पाठ झालेली ओळ कशी पुसायची ते न्हाई."

आबा हसले. "आमच्याकडं तसलं काय न्हाई हो, मावशी."

"मग कमलची कविता होऊ द्या की."

"नंतर बघू."

नंतर म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना कळलं. वाण वाटताना बायका कमलभोवती कुजबुजत राहिल्या. मग उखाणे सुरू झाले. नवऱ्याचं नाव घ्यायला उठलेल्या बाईला कोण अडवणार?

आधी लता उठली. "टाकीला निळा रंग, नळाला नवी तोटी, संजयरावांचं नाव घेते, पाण्याची बातमी खोटी."

कमल खांबापासून सरळ झाली. ओळी तिच्याच होत्या, नवरा तेवढा लताचा.

दुसरी उठली. "उद्घाटनाला हार आला, नारळ फुटला छान, भाऊसाहेबांचं नाव घेते, हंड्याला अजून तहान."

मंडप हसून लोळायला लागला. तेवढ्यात आबांची बायको पदर सावरत उभी राहिली.

"अगं, तू कशाला?" आबा पुटपुटले.

"फोटोत टाकी हसते, दारात रिकामा माठ, दत्तात्रयरावांचं नाव घेते, मोटार लावा, सोडा थाट."

"घरातच फितुरी," आबा म्हणाले, आन् त्यांनाच हसू आवरेना. "ये कमल, तूच म्हण आता."

कमल पुढं आली. सगळ्यांचे नवरे वगळून तिनं कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली.

परतीच्या एसटीत मी तीच पुटपुटत होते. रशियातल्या कविता मी चष्मा लावून वाचल्या, पण त्या जगल्या कशा, ते आज चष्म्याशिवाय दिसलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय म्हणताय, आजी?" तिला ऐकवली. तिनं पुन्हा म्हणायला लावली, मग आणखी एकदा.

न्हावऱ्याला उतरताना म्हणाली, "आमच्याबी गावात तसलीच टाकी हाय."